पोरगं जहाजावर, जहाज कुठे? मोबाईलवर मालवाहू जहाज कसं शोधायचं आणि त्याची माहिती कशी वाचायची

कर्जत/खालापूर : आपल्या दोन्ही तालुक्यांत समुद्र नाही. भरती-ओहोटी बघायची तर पेण-अलिबागकडे जावं लागतं. तरीही मर्चंट नेव्ही हा शब्द आता इथे नवा राहिलेला नाही. कर्जत तालुक्यातच अँग्लो-ईस्टर्न मेरिटाईम अकॅडमी आहे, घाट चढून गेलं की लोणावळ्याजवळ समुंद्रा इन्स्टिट्यूट आहे, पुढे तळेगावजवळ इंदुरीला तोलानी मेरिटाईम. गावातला कोणाचा मुलगा, कोणाचा भाचा "शिपिंगला लागला" असं ऐकू येतं. कोणी कॅडेट म्हणून जातो, कोणी रेटिंग म्हणून, कोणी जहाजाच्या भटारखान्यात.

मुलगा मुंबईहून विमानात बसतो, कुठल्यातरी परक्या बंदरात साईन ऑन करतो आणि मग सहा-नऊ महिने घरच्यांचं लक्ष फोनकडे. चार दिवस मेसेज आला नाही की आई विचारते, "आता कुठे असेल रे जहाज?" त्याचं उत्तर बऱ्याच वेळा आपल्याच मोबाईलवर फुकट मिळतं. पण ते नीट वाचता आलं पाहिजे. नाहीतर दिलासा मिळायच्या ऐवजी जीव उगाच टांगणीला लागतो.

जहाज दिसतं ते कशामुळे?

मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र असतं. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० ग्रॉस टन आणि त्यावरच्या जहाजांना ते सक्तीचं आहे. हा नियम २००४ अखेरपर्यंत सगळीकडे लागू झाला. मूळ उद्देश होता जहाजांची एकमेकांशी टक्कर टाळण्याचा. जहाज चालू असताना हे यंत्र दर काही सेकंदांनी रेडिओवरून ओरडत राहतं : मी अमुक जहाज, अमुक ठिकाणी आहे, इतक्या वेगाने या दिशेला चाललोय. नांगर टाकून उभं असेल तर तेच साधारण दर तीन मिनिटांनी.

हा आवाज किनाऱ्यावरचे अँटेना पकडतात. मरीन ट्रॅफिक, वेसल फाइंडर अशी ॲप आणि वेबसाईट तो गोळा करून नकाशावर दाखवतात. अलिबागसमोरचा समुद्र उघडून बघा, मुंबई आणि न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या जहाजांची रांगच दिसेल.

अडचण एकच. किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण ४० सागरी मैल, म्हणजे सुमारे ७५ किलोमीटरपर्यंतचंच ऐकू येतं. त्यापलीकडचा आवाज उपग्रह पकडतात, आणि ती माहिती बहुतेक ॲप पैसे घेऊन देतात. म्हणून फुकटच्या ॲपवर जहाज भर समुद्रात गेलं की "गायब" होतं. ते बुडालेलं नसतं, आपल्या अँटेनाच्या टप्प्याबाहेर गेलेलं असतं. घाटातल्या बोगद्यात गाडी शिरली की फोनची रेंज जाते, तसंच हे. पलीकडचा किनारा जवळ आला की पुन्हा दिसतं.

त्यामुळे ॲपवर सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे दाखवलेली जागा कधीची आहे. "पाच मिनिटांपूर्वी" आणि "नऊ दिवसांपूर्वी" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नकाशावरचा ठिपका दोन्ही वेळा सारखाच दिसतो.

नावावर जाऊ नका, नंबर मागा

मुलगा निघताना जहाजाचं नाव सांगतो. पण एकाच नावाची अनेक जहाजं असतात, आणि जहाज विकलं की नवा मालक नाव बदलतो. नावाने शोधलं आणि भलतंच जहाज बघत बसलो, असं सहज होतं.

बदलत नाही तो आयएमओ नंबर. सात आकड्यांचा असतो, जहाज बांधताना मिळतो आणि भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. नाव बदललं, मालक बदलला, झेंडा बदलला तरी नंबर तोच. गाडीचा चेसिस नंबर समजा.

हा नंबर खरा आहे का, हे वहीवर तपासता येतं. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा आणि नंबरमधला सातवा आकडा एकच आला पाहिजे. उदाहरणार्थ ९०७४७२९ हा नंबर घ्या. ९ गुणिले ७ म्हणजे ६३, ० गुणिले ६ म्हणजे ०, ७ गुणिले ५ म्हणजे ३५, ४ गुणिले ४ म्हणजे १६, ७ गुणिले ३ म्हणजे २१, २ गुणिले २ म्हणजे ४. एकूण १३९. शेवटी ९, आणि नंबरच्या शेवटीही ९. जुळलं. कोणी मनाने आकडे ठोकून दिले असतील तर बहुतेक वेळा इथेच पकडले जातात. सातवी-आठवीतली मुलगीसुद्धा हे करून देईल.

दुसरा एक नऊ आकडी नंबर दिसतो, एमएमएसआय. तो रेडिओचा नंबर. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारतीय झेंड्याच्या जहाजाचा ४१९ ने सुरू होतो, लायबेरियाचा ६३६ ने, मार्शल आयलंड्सचा ५३८ ने. जहाज झेंडा बदलतं तेव्हा हा नंबर बदलतो.

झेंड्यावरून मालक ओळखायला जाऊ नका. पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स इथे जगातली ढीगभर जहाजं नोंदलेली आहेत, पण मालक ग्रीसचा, जपानचा किंवा मुंबईचाही असू शकतो. मालक एका जिल्ह्यातला आणि गाडीचं पासिंग दुसऱ्या जिल्ह्यातलं, तसा प्रकार. मात्र जहाजावर कायदा कुठला चालणार हे झेंड्यावरून ठरतं, म्हणून तो लिहून ठेवावा.

बल्क कॅरिअर म्हणजे काय?

कंटेनरच्या जहाजावर रंगीत पेट्या रचलेल्या असतात. बल्क कॅरिअरमध्ये माल सुटा ओततात : कोळसा, लोहखनिज, गहू, खत, बॉक्साईट. जहाजाच्या पोटात मोठमोठे कप्पे असतात, त्यांना होल्ड म्हणतात, आणि वर लोखंडी झाकणं. धान्याच्या कणगीसारखं, फक्त एकेका कणगीत हजारो टन.

ॲपवर जहाजाचं पान उघडलं की "डेडवेट" किंवा "डीडब्ल्यूटी" असा आकडा दिसतो. जहाज एकूण किती वजन उचलू शकतं, तो हा आकडा. मालाबरोबर इंधन, पिण्याचं पाणी, सामानसुमान, माणसं सगळं त्यात आलं. शेजारी "ग्रॉस टनेज" असतं, ते मात्र वजन नाही. जहाजाच्या आतल्या जागेचं ते माप आहे. दोन्हीची गल्लत करू नका.

डेडवेटवरून जहाजाची जात कळते :

- हँडीसाईझ : साधारण ४० हजार टनांपर्यंत. लहान बंदरातही जातं.
- सुप्रामॅक्स : ५० ते ६० हजार टनांच्या आसपास. बहुतेक वेळा पाच होल्ड आणि स्वतःच्या चार क्रेन.
- पॅनामॅक्स आणि कामसरमॅक्स : साधारण ६५ ते ८२ हजार टन, बहुधा सात होल्ड. पनामा कालव्याच्या जुन्या दरवाजांत मावेल अशी, सुमारे ३२ मीटर रुंदी.
- केपसाईझ : साधारण १ लाख ८० हजार टन, नऊ होल्ड, लांबी सुमारे २९० मीटर.

१ लाख ८० हजार टन म्हणजे किती? कर्जत स्टेशनवरून घाट चढणारी मालगाडी आपण बघतो, मागून बँकर इंजिन लावावी लागतात. अशा भरलेल्या कोळशाच्या मालगाडीत ढोबळमानाने चार हजार टन माल धरा. एका केपसाईझ जहाजात तशा ४५ मालगाड्या मावतात. ट्रकने न्यायचं म्हटलं आणि एका ट्रकात २५ टन धरले, तर ७,२०० ट्रक.

एवढं मोठं जहाज आपल्या खाडीत येऊ शकत नाही. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल रत्नागिरीच्या जयगड बंदरात मोठ्या जहाजातून उतरतो आणि तिथून लहान जहाजं आणि बार्ज तो धरमतरच्या खाडीत आणतात. खोपोलीहून वाहणाऱ्या आपल्या पाताळगंगेचं पाणीसुद्धा शेवटी त्याच खाडीला मिळतं. लहान बार्जलाही पावसाळ्यात धोका असतोच. जुलै २०२४ मध्ये अलिबागच्या समुद्रात भरकटलेल्या अशाच एका बार्जवरच्या १४ जणांना तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरने बाहेर काढलं होतं.

पान उघडलं, आता काय वाचायचं?

वेग. तो नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. बल्क कॅरिअर साधारण १२-१४ नॉटने चालतं, म्हणजे ताशी २२ ते २६ किलोमीटर. पोरं सायकल जोरात मारतात तेवढाच. पण ते दिवस-रात्र थांबत नाही, त्यामुळे दिवसाला साडेपाचशे-सहाशे किलोमीटर कापतं. ब्राझीलहून चीनला जायला पाच-सहा आठवडे लागतात. इतके दिवस मेसेज तुटक आला तर त्यात नवल नाही.

स्थिती. "अंडर वे" म्हणजे चालू आहे. "ॲट अँकर" म्हणजे नांगर टाकून उभं. "मूर्ड" म्हणजे धक्क्याला बांधलेलं. "नॉट अंडर कमांड" म्हणजे काही बिघाडामुळे जहाजाला नीट वळता-थांबता येत नाही. "अग्राउंड" म्हणजे रुतलं. पण ही स्थिती जहाजावरचा अधिकारी हाताने बदलतो आणि कधी कधी बदलायची विसरतो. "मूर्ड" दाखवतंय आणि वेग १२ नॉट, तर वेगावर विश्वास ठेवा.

ड्राफ्ट. जहाज पाण्यात किती मीटर बुडालंय तो आकडा. भरलेलं केपसाईझ १८ मीटरच्या आसपास बुडतं, रिकामं असेल तर बरंच वर येतं. यावरून माल भरलाय की उतरवलाय याचा अंदाज येतो. हाही आकडा हातानेच भरतात.

पुढचं बंदर आणि पोहोचायची वेळ. बंदर बहुतेक वेळा कोडमध्ये असतं. आयएनबीओएम म्हणजे मुंबई, आयएनएनएसए म्हणजे न्हावा शेवा. पहिली दोन अक्षरं देशाची. वेळ "यूटीसी" लिहिलेली असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा, मग आपली वेळ येते. संध्याकाळी सात यूटीसी म्हणजे आपल्याकडे रात्रीचा साडेबारा, तारीखही पुढची.

ठिपका हलत नाही तेव्हा

ॲप काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे समजायला 'जग आनंद'चं उदाहरण घ्या. हे भारतीय बल्क कॅरिअर ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन १३ जून २०२० ला चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर पोहोचलं. त्यावर २३ भारतीय होते. चीनने माल उतरवू दिला नाही आणि कोविडचं कारण देऊन माणसं बदलूही दिली नाहीत. २० सप्टेंबरपासून 'अनास्तासिया' हे दुसरं जहाज काओफेइदियान बंदराजवळ तसंच अडकलं, त्यावर १६ भारतीय. एकूण ३९ घरांमधली माणसं.

त्या महिन्यांत नकाशावर दिसणार ते एवढंच : जहाज व्यवस्थित, नांगर टाकलेलं, वेग शून्य. आतली माणसं थकलीत, करार संपलाय, घरी यायचंय, यातलं काहीच ठिपका सांगत नाही. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये 'जग आनंद' जपानच्या चिबा बंदराकडे निघालं आणि तिथे माणसं बदलली. 'अनास्तासिया'वरची माणसं फेब्रुवारीत परतली.

बल्क कॅरिअर बंदराबाहेर आठ-पंधरा दिवस नांगरून थांबणं नेहमीचं आहे, धक्का रिकामा व्हायची वाट बघतात. पण महिना-दोन महिने ठिपका तिथेच, पगार थांबला, जेवण-पाणी कमी पडतंय असं मुलगा सांगत असेल तर गप्प बसू नका. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१७ पासून तरतूद लागू आहे : मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परत आणण्याचा खर्च विम्यातून मिळतो. भारत या करारात आहे. तक्रार नौवहन महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजी शिपिंगकडे करायची.

ठिपका मुद्दाम बंद केला तर

समुद्री चाच्यांच्या किंवा हल्ल्याच्या भागात एआयएस चालू ठेवल्याने धोका वाढतो असं कॅप्टनला वाटलं, तर तो ते बंद करू शकतो. नियमात तशी मुभा आहे. सोमालिया, एडनचं आखात, तांबडा समुद्र इकडे जहाज अचानक दिसेनासं झालं तर त्याचं कारण हे असू शकतं. काही भागांत उपग्रहाचे सिग्नल बिघडवले जातात, तेव्हा जहाज चक्क जमिनीवर किंवा विमानतळावर उभं असल्यासारखं दिसतं. घाबरू नका, आधी कंपनीच्या ऑफिसला फोन करा.

धोका खोटा नाही, हेही खरं. ४ जानेवारी २०२४ ला 'लीला नॉरफोक' हे बल्क कॅरिअर सोमालियाजवळ चाच्यांनी गाठलं. त्यावर २१ जण होते, त्यातले १५ भारतीय. सगळे जहाजातल्या सुरक्षित खोलीत दडून बसले, आणि दुसऱ्या दिवशी 'आयएनएस चेन्नई'वरच्या मार्कोस कमांडोंनी जहाजावर चढून सगळ्यांना सुखरूप सोडवलं. पुढे मार्चमध्ये 'रुएन' या पळवलेल्या बल्क कॅरिअरवरून नौदलाने १७ खलाशी सोडवले आणि ३५ चाचे पकडून मुंबईत आणले.

म्हणून एक विनंती. मुलगा अशा भागात असताना जहाजाचा स्क्रीनशॉट, त्याचा मार्ग, त्याचे फोटो गावच्या ग्रुपवर किंवा स्टेटसवर टाकू नका. घरात बघा आणि ठेवून द्या.

साईन ऑन करण्याआधी

जहाज शोधण्याचा खरा उपयोग मुलगा निघायच्या आधी आहे. एजंट जहाजाचं नाव सांगतो, फोटो दाखवतो. तुम्ही आयएमओ नंबर मागा. द्यायला टाळाटाळ केली तर तिथेच समजा.

नंबर मिळाला की बांधणीचं वर्ष बघा. बल्क कॅरिअरचं आयुष्य साधारण २५ वर्षांचं धरतात. खारं पाणी, कोळसा, जोरात आपटणारा माल यांनी लोखंड खाल्लं जातं. चांगली निगा राखलेलं जुनं जहाज चालतं, पण प्रश्न विचारायचा हक्क तुमचा आहे.

आपल्याच समुद्रातलं उदाहरण आहे. ४ ऑगस्ट २०११ ला 'रॅक कॅरिअर' हे जहाज इंडोनेशियाहून गुजरातच्या दहेजला ६० हजार टनांहून जास्त कोळसा नेत होतं. मुंबईपासून साधारण २० सागरी मैलांवर ते बुडालं. ३० च्या ३० माणसं वाचली, पण कोळसा आणि तेल समुद्रात गेलं. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जहाज समुद्रात जाण्याच्या लायकीचं नव्हतं असं म्हणत जहाज कंपन्यांना १०० कोटी रुपये भरायला सांगितले.

जहाज चांगलं असूनही माल धोक्याचा असू शकतो. बारीक लोहखनिज पावसात भिजलेलं भरलं तर समुद्राच्या हेलकाव्याने त्याचा चिखल होतो. चिखलणी केलेल्या खाचरासारखं ते एका बाजूला वाहतं आणि जहाज कलंडतं. जुलै २००९ मध्ये मंगळूरजवळ 'एशियन फॉरेस्ट' हे लोहखनिज नेणारं जहाज असंच गेलं.

जहाजाचा इतिहास बघायला 'इक्वासिस' नावाची वेबसाईट आहे. फुकट नोंदणी करून आयएमओ नंबर टाकला की मालक कोण, व्यवस्थापन कोणाचं, कोणत्या बंदरात तपासणी झाली, दोष काढून जहाज अडवून ठेवलं होतं का, हे दिसतं. दोन-तीन वेळा अडवलेलं जहाज असेल तर दहा वेळा विचार करा.

आणि एजंट? भारतातून खलाशी पाठवायला डीजी शिपिंगचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाईटवर आहे. परवाना चालू आहे का, तो त्याच पत्त्याचा आहे का, ते बघा. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे. "दोन लाख भरा, महिन्यात जॉइनिंग" म्हणणाऱ्याला जमीन गहाण टाकून पैसे देऊ नका.

कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवा

मुलगा निघायच्या आदल्या दिवशी एका कागदावर एवढं लिहून घ्या :

१. जहाजाचं नाव, आयएमओ नंबर, झेंडा
२. मुलाचा इंडोस नंबर, सीडीसी आणि पासपोर्ट नंबर
३. पाठवणाऱ्या कंपनीचं नाव, आरपीएसएल नंबर, ऑफिसचा पत्ता आणि रात्रीही लागणारा फोन
४. साईन ऑनची तारीख आणि करार किती महिन्यांचा
५. कराराची झेरॉक्स

आपल्या समुद्रात कोणी संकटात असल्याचं कळलं तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर लक्षात ठेवा.

आणि ॲप दिवसातून एकदाच बघायचं ठरवा. जागा कधीची आहे ते बघा, वेग बघा, पुढचं बंदर बघा. जहाज बंदराजवळ आलं की मुलाच्या फोनला रेंज येणार, हे आता तुम्हाला त्याच्याआधी कळेल. तुमच्या वाडीत, गावात ज्यांच्या घरातलं माणूस जहाजावर आहे किंवा जायच्या तयारीत आहे, त्यांना ही माहिती जरूर दाखवा.